सुट्टीतले संशोधन आणि आपली मुले : फॉर्मची तारीख निघून जाण्याआधी

मागे एकदा मार्चच्या अखेरीस नगरमधील एक रिक्षाचालक बंधू आमच्याकडे आले. हातात मोबाईल आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक जाहिरात. मुलगी नववीत, उर्दू माध्यमात, आठवीला चांगले गुण. म्हणाले, "भाईसाहब, इस्रो का फॉर्म भरना है, बच्ची हफ्तेभर से पीछे लगी है." जाहिरात खरी होती, कार्यक्रमही खरा होता. पण नोंदणीची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. तो मेसेज महिनाभर कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होता. त्यांच्यापर्यंत तो आला तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता. मुलीच्या शाळेत कोणाला याची माहिती होती का, असे आम्ही विचारले. तर शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज आलाच नव्हता.

आपल्या समाजात शिक्षणाविषयी बोलणे होते तेव्हा विषय दोनच असतात. एक गळती, दुसरा नीट. मुलगा शाळा सोडून गॅरेजला लागला तर हळहळ, आणि एखादी मुलगी एमबीबीएसला लागली तर सत्कार. या दोन टोकांच्या मध्ये जी शंभर मुले आहेत, ज्यांना विज्ञान आवडते, जी प्रश्न विचारतात, त्यांच्या वाट्याला उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एकतर कोचिंग, नाहीतर मामाचे दुकान. शाळकरी वयातच शास्त्रज्ञांसोबत आठवडा-दोन आठवडे काम करता येते, तेही बहुतेक वेळा फुकट, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही या एका गोष्टीवर सविस्तर लिहीत आहोत.

शाळकरी मुलांसाठी नेमके काय आहे?

आधी एक गैरसमज दूर करू. इंटरनेटवर 'समर रिसर्च' असे शोधले की ज्या मोठ्या योजना दिसतात, त्यातल्या बऱ्याच शाळेतल्या मुलांसाठी नसतात. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप किंवा मुंबईच्या टीआयएफआरचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहेत. नववी-दहावीच्या मुलाने तिथे अर्ज करून वेळ घालवू नये. त्याने ही नावे पुढच्यासाठी वहीत लिहून ठेवावीत.

शाळेच्या वयात सगळ्यात ठळक संधी म्हणजे इस्रोचा 'युविका', म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. २०१९ मध्ये तो सुरू झाला. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये झाला नाही, २०२२ पासून पुन्हा चालू आहे. नववीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मे महिन्यात साधारण दोन आठवड्यांचे निवासी शिबिर असते. तिरुवनंतपुरम, बंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, डेहराडून, शिलाँग अशा इस्रोच्या केंद्रांवर ते भरते. मुलांचा प्रवास, राहणे, जेवण आणि अभ्यास साहित्य हा खर्च इस्रो करते.

दुसरी संधी पुण्याच्या आयुकाची. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत १९९० च्या दशकापासून शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम चालत आला आहे. एप्रिल-मे महिन्यात आठवी ते दहावीची मुले आठवडाभर एका शास्त्रज्ञाकडे चार-सहाच्या गटाने काम करतात, ग्रंथालय वापरतात आणि आठवड्याच्या शेवटी अहवाल लिहून देतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मुलांनी आणि मार्गदर्शकाने मिळून विषय ठरवायचा. खरे संशोधन असेच चालते. पण यात मुले पाठवतात त्या पुण्यातल्या शाळा. नगरहून पुणे १२० किलोमीटर. एवढ्याशा अंतरामुळे आपली मुले या यादीच्या बाहेर राहतात.

तिसरी 'इन्स्पायर-मानक'. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना सहावीपासूनच्या मुलांसाठी आहे. मुलाची नवी कल्पना निवडली गेली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये थेट त्याच्या बँक खात्यात येतात. मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन. यात मुलगा स्वतः अर्ज करू शकत नाही. शाळेने ऑनलाइन नोंदणी करून मुलांची नावे पाठवायची असतात. ही नावे साधारण जून ते सप्टेंबर या काळात जातात.

चौथी वाट ऑलिम्पियाडची. नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा होते. पुढच्या फेऱ्या पार करणाऱ्या मोजक्या मुलांची शिबिरे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात. याशिवाय बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीसाठी होते. त्यात लेखी, प्रात्यक्षिक आणि मुलाखतीबरोबर मुलाने स्वतः केलेला कृती-संशोधन प्रकल्पही असतो. सीएसआयआरचा 'जिज्ञासा' कार्यक्रम २०१७ पासून शाळांना प्रयोगशाळांशी जोडतो. पुण्याची एनसीएल सीएसआयआरचीच आहे. मुलींसाठी 'विज्ञान ज्योती' ही योजना नववी ते बारावीत जवाहर नवोदय विद्यालयांना केंद्र धरून चालते. आपल्या जिल्ह्याचे नवोदय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे.

म्हणजे संधी नाहीत असे नाही. मग आपली मुले त्यात का दिसत नाहीत?

युविकाचे गणित समजून घ्या

युविकाची निवड प्रवेश परीक्षेवर होत नाही. अलीकडच्या वर्षांत १०० पैकी गुण असे वाटले गेले : आठवीच्या गुणांना ५०, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०, विज्ञान प्रदर्शनातील सहभागाला पातळीनुसार २, ५ किंवा १०, ऑलिम्पियाड वा विज्ञान स्पर्धेतील क्रमांकाला जास्तीत जास्त ५, क्रीडा स्पर्धेतील यशाला जास्तीत जास्त ५, स्काऊट-गाईड, एनसीसी किंवा एनएसएसला ५, आणि पंचायत क्षेत्रातील ग्रामीण शाळेत शिकत असल्यास १५. दरवर्षीच्या सूचनेत हे पुन्हा तपासून घ्यायला हवे. पण यातून काय दिसते ते बघा.

समजा नेवासे तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या किंवा संस्थेच्या शाळेतली मुलगी आहे, तिला आठवीत ८० टक्के. तिचे ४० गुण झाले, वर ग्रामीण शाळेचे १५, एकूण ५५. दुसरीकडे नगर शहरात मुकुंदनगरचा मुलगा आहे, त्याला ९० टक्के. त्याचे फक्त ४५. दहा टक्के जास्त मिळवूनही तो दहा गुणांनी मागे आहे. हा अन्याय नाही. गावातल्या शाळेत प्रयोगशाळा नसते, शिक्षक कमी असतात, म्हणून हे गुण आहेत आणि ते असायलाच हवेत. पण शहरातल्या मुलाने आपली तूट कुठून भरायची हे त्याला माहीत पाहिजे. जिल्हा पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनाचे ५ आणि स्काऊटचे ५ मिळाले की तो बरोबरीला आला. ही दोन्ही कामे फॉर्म भरायच्या वेळी करता येत नाहीत. ती सातवी-आठवीत झालेली असावी लागतात.

जिल्ह्यातला आपला समाज नगर, भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा शहरी भागात बराच एकवटलेला आहे. म्हणजे आपल्या बऱ्याच मुलांना ग्रामीणचे १५ मिळणार नाहीत. ज्या शाळांत स्काऊटचे पथक नाही, विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून कोणी जात नाही, तिथल्या हुशार मुलाचे नुकसान आठवीतच होऊन गेलेले असते. नववीच्या मार्चमध्ये आपण फक्त त्याची पावती बघतो.

आणि जी मुले गावात आहेत, जामखेड-पाथर्डीकडे, शेवगाव-नेवाशाकडे, त्यांच्या हातात हे १५ गुण आयते आहेत. त्यांनी तर अर्ज केलाच पाहिजे. अशा किती मुलांनी आजवर अर्ज केला असेल, हा प्रश्न प्रत्येक गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी आपल्या शाळेला विचारावा.

निरोप कुठे अडतो?

आमच्या मते निरोप तीन ठिकाणी अडतो. पहिले ठिकाण शाळा. इन्स्पायर-मानकमध्ये शाळेने नाव पाठवल्याशिवाय काही होत नाही. युविकात मुलगा स्वतः नोंदणी करतो, पण कागदपत्रांवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का लागतो. शिक्षकांवर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आहेत, आम्हाला ते मान्य आहे. तरीही वर्षातून पाच नावे पाठवायला एका विज्ञान शिक्षकाची दोन दुपारी पुरतात. जिथे एखादे सर किंवा बाई मनावर घेतात, तिथली मुले दरवर्षी प्रदर्शनात दिसतात. जिथे घेत नाहीत, तिथली कधीच दिसत नाहीत. हुशारी दोन्हीकडे सारखीच असते.

दुसरे ठिकाण भाषा. उर्दू माध्यमाचे मूल 'जियाई तालीफ' शिकते, शेजारचे मराठी माध्यमाचे मूल 'प्रकाशसंश्लेषण' शिकते आणि फॉर्मवर 'फोटोसिंथेसिस' लिहिलेले असते. तिन्ही एकच. पण आपल्याला काही येत नाही असे त्या मुलाला वाटते. भाषेची ही अडचण फक्त उर्दूची नाही. 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' ही जुनी परीक्षा फक्त इंग्रजी आणि हिंदीत का, हा प्रश्न २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढेही गेला होता. यावर उपाय सोपा आहे. आठवीपासून विज्ञानाच्या वहीत प्रत्येक संज्ञा दोन किंवा तीन भाषांत लिहायची सवय लावायची. वर्षभरात दोन-तीनशे शब्द होतात आणि अकरावी सायन्सला गेल्यावर जो धक्का बसतो तोही कमी होतो.

तिसरे ठिकाण घर. मुलगा असेल तर सुट्टीतली कमाई बुडते, मुलगी असेल तर एकटी कशी पाठवायची. या काळजीची आम्ही थट्टा करणार नाही. पंधरा वर्षांची मुलगी हैदराबादला पाठवायची म्हणजे कोणत्याही अम्मीच्या पोटात गोळा येणारच. पण नातेवाइकांच्या लग्नाला आपण दहा दिवस मुले पाठवतो आणि केंद्र सरकारच्या संस्थेच्या वसतिगृहाला घाबरतो, हेही जरा तपासून बघू. सूचना नीट वाचा. राहण्याची सोय, सोबत कोणी यायचे का, जेवण, नमाजची वेळ, कपडे, जी शंका असेल ती ईमेल करून आधीच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एक बारीक गोष्ट आमच्या लक्षात आली. २०२४ मध्ये युविकाची नोंदणी २० फेब्रुवारी ते २० मार्च होती आणि १२ मार्चला रमजान सुरू झाला. २०२५ मध्ये नोंदणी २४ फेब्रुवारी ते २३ मार्च आणि रमजान २ मार्चपासून. म्हणजे फॉर्म भरायचे दिवस आणि रोजांचे दिवस एकमेकांत मिसळले. सहेरी, इफ्तार, तरावीह आणि त्यातच वार्षिक परीक्षा. घरात कोणाला वेबसाइट उघडायची सवड नसते. पण दुसऱ्या बाजूने बघा, याच महिन्यात मशिदी सगळ्यात जास्त भरलेल्या असतात. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याची घोषणा होते, हरवलेल्या चावीची होते. त्यातच "नववीच्या मुलांसाठी इस्रोचा फॉर्म निघाला आहे, शेवटची तारीख अमुक" एवढे एक वाक्य इमामसाहेबांनी सांगितले तर झेंडीगेटपासून श्रीरामपूरपर्यंत एका दिवसात निरोप पोहोचेल. याला एक पैसाही लागत नाही.

सरकारची धोरणे : काय बंद झाले, काय मागायचे

हा प्रश्न केवळ जागृतीचा आहे असे म्हणून सरकारला मोकळे सोडणेही बरोबर नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले होते की ६ ते १४ वयोगटातील चौथा हिस्सा मुस्लीम मुले एकतर शाळेत कधी गेली नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात मुस्लीम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या पाच टक्क्यांहून कमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. ही दरी असताना काय झाले?

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती राहिली. पहिली ते आठवीचे विद्यार्थी बाहेर पडले. संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. अकरावी-बारावीच्या मुलांना विज्ञानाकडे वळवणारी, १९९९ पासून चाललेली किशोर वैज्ञानिक योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. आठवीतले मूल, बारावीतले मूल आणि पीएचडीचा संशोधक, अशी एकाच शिडीची तीन पायऱ्यांवरची लाकडे सैल झाली. गरीब घरातल्या मुलाला विज्ञानाच्या लांब वाटेवर चालायचे तर मध्ये मध्ये आधार लागतो.

तरी जे आहे ते पूर्ण वापरू. इन्स्पायरच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलाला वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे. त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. नीटमध्ये जागा थोडक्यात हुकलेली मुलगी बीएस्सीला जाते तेव्हा घरात सुतक असल्यासारखे वातावरण असते. तिच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे का, हे किती घरांत बघितले जाते?

राज्य पातळीवर एक दार नवीन आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मान्यता दिली. आमची मागणी साधी आहे. स्पर्धा परीक्षेच्या प्रशिक्षणाबरोबर मार्टीने आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम घ्यावा. पुणे, मुंबई, संभाजीनगर इथल्या प्रयोगशाळांशी करार करून जिल्ह्याजिल्ह्यातून मुले पाठवावीत. जिल्हा परिषदेकडेही मागता येईल. शेजारच्या पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन झेडपी शाळांतली मुले इस्रो आणि नासा बघायला पाठवली. बघून येणे आणि काम करून येणे यात फरक आहे, पण सुरुवात म्हणून तेही मोठे आहे. १४ तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या जिल्ह्याने आयुकाच्या धर्तीवर राहुरीच्या कृषी विद्यापीठात आठवड्याचे शिबिर मागायला काय हरकत आहे? ही मागणी फक्त मुस्लीम मुलांसाठी नसावी. अकोल्याच्या आदिवासी वाडीतल्या मुलाचीही हीच गरज आहे. मागणी सगळ्यांसाठी केली तर ती लवकर ऐकली जाईल.

पैसे मागणाऱ्या 'इंटर्नशिप'पासून सावध

ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्यांना दुसऱ्या बाजूने गाठले जाते. परदेशी विद्यापीठाचे नाव, चकचकीत वेबसाइट, 'तुमच्या मुलाचा शोधनिबंध प्रसिद्ध करून देऊ' असे आश्वासन आणि फी हजारांत किंवा लाखांत. यातले काही वर्ग चांगलेही असतील, पण पालकांनी काही प्रश्न विचारावेत. शिकवणारा कोण, त्याचे नाव आणि संस्था खरी आहे का? निवड होते का, की पैसे भरणारा प्रत्येकजण निवडला जातो? निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पैसे द्यावे लागतात का? मूल प्रत्यक्ष काय मोजणार, काय करणार?

जगात ज्यांचा मान आहे ते शाळकरी कार्यक्रम पैशावर प्रवेश देत नाहीत. अमेरिकेत १९८४ पासून चालणारी आणि आता एमआयटीमध्ये भरणारी सहा आठवड्यांची 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' शिकवण्याची आणि राहण्याची फी घेत नाही, निवड मात्र अतिशय कठीण असते. आपल्याकडे इस्रो किंवा आयुकाही प्रवेशासाठी पैसे मागत नाहीत. तेव्हा दागिना मोडून प्रमाणपत्र विकत घेऊ नका. प्रमाणपत्र भिंतीवर राहते. मुलाला कोणी 'तू काय शोधलेस?' असे विचारले की खरे-खोटे कळते.

आपल्या गावातच प्रयोगशाळा

अर्ज करायचा तर त्यात लिहायला काहीतरी हवे. तिथे आपली मुले अडतात. 'मला विज्ञानाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. 'मी तीन महिने रोज पाऊस मोजला' हे क्वचितच असते.

मुंबईच्या सलीम अलींची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. आई-वडील लहानपणीच गेले, मामांकडे वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. १९०८ मध्ये मामा अमीरुद्दीन तैयबजी यांच्या ओळखीने तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सचिव मिलार्ड यांच्याकडे गेला. त्यांनी हाकलून न देता कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले, पुढे नमुने तयार करायला शिकवले. वय जेमतेम बारा. आजच्या भाषेत हीच त्याची पहिली इंटर्नशिप. मॅट्रिकला त्याने गुणांचे काही दिवे लावले नव्हते, कसाबसा पास झाला. पण प्रश्न विचारणारा मुलगा, चिठ्ठी देणारा मामा आणि दार उघडणारा शास्त्रज्ञ असे तिघे एकत्र आले म्हणून देशाला सलीम अली मिळाले. मुले आजही प्रश्न विचारतात. मामाचे काम आपल्याला करायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुक्याचा पश्चिम भाग पावसात बुडतो आणि जामखेड-कर्जतला ढगांकडे डोळे लावावे लागतात. दोन शाळांनी साधे पर्जन्यमापक लावून आकडे एकमेकांना पाठवले तरी उत्तम प्रकल्प होतो. मानवी वस्तीजवळ राहणाऱ्या बिबट्यांवरचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, जगभर गाजलेला अभ्यास अकोले परिसरातलाच आहे. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. हिवरे बाजार दरवर्षी गावाच्या पाण्याचा हिशेब मांडतो. नगर शहराला निजामशाहीत खापरी नळांनी बाहेरून पाणी आणले जायचे. त्यांचे अवशेष कुठे उरलेत, उतार कसा ठेवला होता, हे मोजणे म्हणजे इतिहास आणि भौतिकशास्त्र एकत्र. आणि आपल्याच नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून कैदेत असलेल्या मौलाना आझादांनी कोठडीत येणाऱ्या चिमण्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण करून 'गुबार-ए-खातिर'मध्ये त्यावर लिहिले. निरीक्षणाला महागडी साधने लागतातच असे नाही.

एक विषय तर मशिदीतच आहे. वुजूला एका माणसाला किती पाणी लागते? नळाखाली मापाची बादली ठेवायची, पन्नास माणसांचे पाणी मोजायचे, वय आणि नळाचा प्रकार लिहायचा, मग नळ अर्धा उघडून पुन्हा मोजायचे. जुम्याला किती, इतर दिवशी किती, हे पाणी बागेला वापरता येईल का? आठवीच्या मुलाला दोन महिन्यांत जमणारे काम आहे आणि तालुक्याच्या प्रदर्शनात ते उठून दिसेल.

असे काहीतरी हातात असले की मोठ्या माणसाला पत्र लिहिता येते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे, नगर-संगमनेरची विज्ञान महाविद्यालये, इथल्या प्राध्यापकांना दहा ओळींचे पत्र पाठवा. मी कोण, कोणत्या शाळेत, मी काय मोजले, कुठे अडलो, आणि सुट्टीत आठवडाभर तुमच्याकडे येऊन काय शिकायचे आहे. दहा जणांना लिहिले तर आठ जण उत्तर देणार नाहीत. नाराज होऊ नका, ते सगळ्यांशीच असे होते. पत्र शिक्षकांना दाखवून, आई-वडिलांच्या माहितीने पाठवा. नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्यावरून पुढे गेले की नारायणगावजवळ खोडदला ३० मोठ्या अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते आणि शाळांचे प्रदर्शनही भरते. पारनेर-संगमनेरच्या शाळांना ती पुण्यापेक्षा जवळ आहे. एक एसटी ठरवून मुलांना दाखवून आणा.

वर्षाचे वेळापत्रक

जूनमध्ये शाळा उघडली की इन्स्पायर-मानकसाठी शाळेची नोंदणी झाली आहे का ते विचारा आणि सप्टेंबरच्या आत नावे गेली का ते बघा. मुलाचे बँक खाते, आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव सारखे आहे का, हेही याच वेळी तपासा. आपल्याकडे 'शेख', 'शैख', 'मोहम्मद', 'मो.' या गोंधळात किती अर्ज अडकतात हे महा ई-सेवा केंद्रवाल्यांना विचारा. पावसाळ्यात प्रकल्प सुरू करा, दिवाळीपर्यंत आकडे जमतात. त्यानंतर तालुका आणि जिल्ह्याचे विज्ञान प्रदर्शन. प्रमाणपत्राची झेरॉक्स जपून ठेवा. जानेवारीत आठवीची गुणपत्रिका, बोनाफाईड, स्काऊटचे प्रमाणपत्र असे सगळे एका फाईलमध्ये लावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून इस्रोच्या संकेतस्थळावर रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा नजर टाका. अधिकृत संकेतस्थळ सोडून इतर लिंकवर माहिती भरू नका.

प्रत्येक मोहल्ल्यातल्या एका शिकलेल्या तरुणाने, मग तो अभियंता असो, डी.फार्म असो की शिक्षक, वर्षातून फक्त पाच मुलांची फाईल तयार करून द्यायची जबाबदारी घेतली तरी दोन-तीन वर्षांत चित्र बदलेल, इन्शाअल्लाह. सगळ्यांची निवड होणार नाही. पण ज्याने आठवीत पाणी मोजले, पत्र लिहिले, प्रदर्शनात परीक्षकाला उत्तर दिले, तो मुलगा निवड न होताही पूर्वीचा राहत नाही.

ती रिक्षाचालक बंधूंची मुलगी आता दहावीत आहे. युविका तिच्यासाठी संपली. तिने त्याबद्दल आम्हाला काही म्हटले नाही, पण आम्हाला त्याची बोच आहे, कारण तो मेसेज आमच्याही एका ग्रुपवर आला होता आणि आम्ही तो पुढे पाठवून विसरून गेलो होतो. तिचा धाकटा भाऊ सातवीत आहे. परवा वडिलांनी विचारले, "इसका अभी से क्या करना पडेगा?" आम्ही त्यांना सांगितले : शाळेत स्काऊट आहे का ते उद्याच विचारा, आणि जूनमध्ये सरांना भेटा.